डोक्यापासून पायापर्यंत 200 व्होल्ट, मग शॉक का बसत नाही?

तुम्ही विचारलंय की उघड्यावर हवेत दर मीटरला 100 व्होल्ट असतात हे खरं असेल, तर उभ्या माणसाला झटका का बसत नाही? आणि उंच खांब रोवून ही वीज फुकट का वापरत नाहीत?

आकडा खरा आहे. निरभ्र दिवशी, सपाट मोकळ्या जागेत, जमिनीलगत मीटरमागे 100 ते 150 व्होल्ट असतात. जमीन ऋणप्रभारित, वरची हवा धनप्रभारित. आकाशात ढगाचा ठिपका नसतानाही हवेत वीज असते, हे 1752 सालीच लेमोनिए या फ्रेंच शास्त्रज्ञाला आढळलं होतं.

या आकड्याला कॉलेजात असताना मीही भुललो होतो. मैदानात बांबू उभा केला, त्याच्या टोकाला तांब्याची तार बांधली, जमिनीत सळई ठोकली आणि दोन्हींच्या मध्ये मल्टिमीटर जोडला. तीन मीटर उंची, म्हणजे 300 व्होल्ट तरी दिसायला हवेत! आकडा शून्यापाशीच घुटमळत राहिला. बॅटरी बदलली, वायरी बदलल्या, मित्रांनी यथेच्छ टिंगल केली. मीटर मात्र ठणठणीत होता.

चूक माझ्या समजुतीत होती. मल्टिमीटरचा रोध 10 मेगाओहमच्या आसपास असतो. आपल्याला तो फार वाटतो, पण हवेच्या रोधापुढे तो जाड तारेसारखाच. त्यामुळे मीटर जोडताक्षणी वरची तार जमिनीच्याच विभवाला (म्हणजे व्होल्टच्या पातळीला) आली. तुमच्या शरीराचंही तेच होतं. शरीर बऱ्यापैकी वाहक आहे आणि पाय जमिनीवर आहेत (बूट घातले तरी फारसा फरक पडत नाही). तुम्ही उभे राहिलात की थोडा ऋणप्रभार पायांतून वर चढून डोक्या-खांद्यांवर पसरतो आणि सगळं शरीर जमिनीच्या विभवाला येतं. 200 व्होल्टची पातळी तुमच्या डोक्याच्या उंचीवर होती, ती आता डोक्यावरून वळसा घालून जाते. डोकं आणि पाय यांच्यात फरकच उरत नाही, मग झटका कशाचा बसणार? घरात तर हे विद्युत क्षेत्र (म्हणजे मीटरमागचे व्होल्ट) जवळपास नसतंच, कारण भिंती-छपरंही त्याला अडवण्याइतपत वाहक असतात.

मग हे मोजतात कसं? लॉर्ड केल्व्हिनची युक्ती मला फार आवडते. जमिनीपासून विद्युतरोधक आधारावर पाण्याचं भांडं ठेवायचं आणि त्यातून थेंब थेंब पाणी गळू द्यायचं. प्रत्येक थेंब थोडा प्रभार घेऊन जातो, आणि थेंब तुटतात तिथल्या हवेच्या विभवाला भांडं येईपर्यंत हे चालू राहतं. मग जवळजवळ प्रवाह न खेचणाऱ्या उपकरणाने ते विभव वाचायचं. आता फिरत्या पात्यांनी धातूच्या तबकड्या आळीपाळीने झाकणारी-उघडणारी यंत्रं वापरतात.

आता फुकट विजेचं. हवेतून वीज काढून दाखवणारे व्हिडिओ मीही पाहिलेत, आणि त्यात व्होल्ट सांगतात, अँपिअर कधीच सांगत नाहीत. वैश्विक किरणांमुळे आणि जमिनीतल्या किरणोत्सर्गामुळे हवेत थोडे आयन (प्रभारित कण) बनतात, त्यांच्यामार्फत वरून खाली बारीक प्रवाह गळत असतो. एका चौरस किलोमीटरवर किती? सुमारे 2 मायक्रोअँपिअर. थेट आयनांबरापर्यंतचं (वातावरणाच्या वरच्या, वाहक थरापर्यंतचं) विभवांतर अडीच ते तीन लाख व्होल्ट. (दर मीटरला 100 या हिशेबाने ते कितीतरी जास्त व्हायला हवं होतं, पण वर हवा अधिक वाहक होत जाते आणि क्षेत्र झपाट्याने घटतं.) गुणाकार करा: एका चौरस किलोमीटरवरचा अख्खा हवेचा स्तंभ पिळला तरी अर्धा-पाऊण वॉट. खांबाच्या वाट्याला त्यातलं काय येणार!

खरं कोडं वेगळंच आहे. पृथ्वीवरचा ऋणप्रभार सुमारे 5 लाख कूलोम (प्रभाराचं एकक) आणि सगळ्या पृथ्वीवरची गळती एक हजार अँपिअरहून, म्हणजे सेकंदाला एक हजार कूलोमहून, जास्त. म्हणजे दहा मिनिटांच्या आत हा साठा बहुतांश संपायला हवा. तो संपत नाही, कारण जगात कुठे ना कुठे गडगडाटी ढग सतत चालू असतात आणि ते जमिनीला ऋणप्रभार पुरवत राहतात. सी. टी. आर. विल्सन या भौतिकशास्त्रज्ञाने 1920 च्या सुमारास ही कल्पना मांडली. तिला भक्कम आधार मिळाला तो ‘कार्नेगी’ या संशोधन-जहाजावरच्या मोजमापांतून. समुद्रावर कुठेही मोजा, क्षेत्र रोज ग्रीनिचच्या घड्याळानुसार संध्याकाळी 7 च्या सुमारास सर्वाधिक असतं, मग तिथे दिवस असो वा मध्यरात्र. त्या वेळी अमेरिका खंडांत दुपार असते आणि तिथे वादळं जोरात असतात. तुमच्या डोक्यावरच्या निरभ्र आकाशातलं क्षेत्र हजारो किलोमीटर दूरच्या ढगांनी टिकवलेलं असतं.

गडगडाटी ढग थेट डोक्यावर आला, तर मात्र हे सगळं लागू नाही. क्षेत्राची दिशा बहुधा उलटते आणि मीटरमागे हजारो व्होल्ट होतात. उघड्यावर असताना केस उभे राहू लागले किंवा कातडीला मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर मोजत बसू नका. पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत शिरा, लगेच.