जॉब कार्डावरची ओळ आणि डिस्कवरचा आकडा

प्रश्न : गेल्या वर्षी मे महिन्यात, पावसाळ्याआधी गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. ब्रेक मारला की पेडल थरथरायचं. गॅरेजवाल्यांनी सांगितलं, पुढच्या चाकांच्या ब्रेकच्या दोन्ही डिस्क बदला, नाहीतर लेथवर तासून नवे पॅड घालतो. खर्च वाचेल म्हणून तासून घेतल्या. सप्टेंबरमध्ये बेळगावहून परतताना चोर्ला घाटाच्या उतारावर गाडी आवरेना, कठड्यावर आदळली. सुदैवाने कोणाला लागलं नाही. डिसेंबरमध्ये विमा कंपनीने दावा फेटाळला, कारण गॅरेजच्या जॉब कार्डावर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, ‘डिस्क बदलण्याची शिफारस, ग्राहकाचा नकार’ असं लिहिलंय आणि खाली माझी सही आहे. गाडी तेव्हापासून गॅरेजच्या आवारातच आहे. आता ते निम्म्या किमतीत नव्या डिस्क बसवून देतो म्हणतात, पण ‘यापुढे तक्रार नाही’ असं लिहून मागतात. सही करू का? आणि केस कोणावर घालू?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : सही करू नका. त्याआधी आजच गॅरेजला ईमेलने आणि स्पीड पोस्टाने कळवा की जुन्या डिस्क, पॅड आणि ब्रेक ऑईल यांना माझ्या लेखी परवानगीशिवाय हात लावायचा नाही. स्वस्तात डिस्क बसवण्याच्या नादात जुन्या डिस्क भंगारात गेल्या, तर तुमच्याकडे लढायला काही उरणार नाही.

न वाचता केलेल्या सहीची पत्रं माझ्याकडे सतत येतात. सही तुमची आहे, ती नाकारता येणार नाही. पण त्या ओळीत काय लिहिलेलं नाही, ते बघा. डिस्कची जाडी किती भरली, तो आकडा तिथे आहे का? तुम्ही पाठवलेल्या प्रतीत मला दिसला नाही. तुमचा सगळा दावा या आकड्यावर उभा आहे.

प्रत्येक डिस्कला उत्पादकाने ठरवलेली किमान जाडी असते. बहुतेक डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या उंच भागावर ‘मिन टीएच’ अशी इंग्रजी अक्षरं आणि पुढे मिलिमीटरमधला आकडा कोरलेला असतो. गंजाखाली दडलेला असला तर तारेच्या ब्रशने पुसल्यावर दिसतो. नवी डिस्क आणि ही किमान मर्यादा यांत साधारण दोनेक मिलिमीटरचंच अंतर असतं. त्यातलं बरंचसं वापरात झिजतं, उरलेलं लेथ दोन्ही बाजूंनी खातो. मर्यादेखाली गेलेली डिस्क घाटाच्या उतारावर लवकर तापते, वाकते, तिला तडाही जाऊ शकतो.

तासल्यानंतर डिस्क मर्यादेखाली गेली असेल, तर गॅरेज अडकलं. तशी डिस्क बदलायचीच असते. ‘ग्राहकाने नकार दिला’ म्हणून ती तासून द्यायची आणि पैसे घ्यायचे, ही माझ्या मते सेवेतली त्रुटी आहे. मिलिमीटरचा हिशेब ग्राहकाने करायचा नसतो. उलट, तासूनही जाडी मर्यादेच्या वर राहिली असेल, तर तुम्ही योग्य ती दुरुस्तीच करून घेतली होती. मग ‘गाडी सुस्थितीत ठेवली नाही’ हे विमा कंपनीचं म्हणणं टिकायला कठीण. आकडा कोणत्याही बाजूला पडला तरी दोघांपैकी एकाला उत्तर द्यावं लागेल. म्हणून मी दोघांनाही एकाच तक्रारीत विरुद्ध पक्ष करीन.

मोजणी मात्र नीट व्हायला हवी. डिस्कच्या बाहेरच्या कडेला न झिजलेला ओठ राहिला असेल तर साधा व्हर्निअर त्यावर टेकून जाडी जास्त दाखवतो. मायक्रोमीटरने, ओठाच्या आत, चार-सहा ठिकाणी मोजायला सांगा आणि फोटोत डिस्कवरचा आकडा व मायक्रोमीटर एकत्र येऊ द्या. मोजणी त्रयस्थाकडून, दोघांना आधी नोटीस देऊन करा. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात यांत्रिकी विभागाला विचारून पाहा. ब्रेक ऑईलही तपासून घ्या, कारण ‘ऑईल जुनं होतं, उतारावर वरच्या गिअरमध्ये आलात’ असा बचाव गॅरेज करणारच.

सप्टेंबरपासून गाडी उघड्यावर ठेवलीत, याचा मला राग येतो. गोव्याच्या पावसात उघडी डिस्क एका रात्रीत तांबूस होते. तुमच्या डिस्कनी त्यानंतरचा अख्खा पावसाळा अंगावर घेतला असेल. ‘ही झीज नव्हे, गंज’ असा वाद आता होणार. आणखी एक आठवडाही घालवू नका.

मुदतीचंही तेच. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीसाठी दोन वर्षं असतात. विमा कंपनीविरुद्ध ती डिसेंबरच्या पत्रापासून मोजता येतील. गॅरेजविरुद्ध मी अपघाताची नव्हे, सर्व्हिसिंगची तारीख धरीन, म्हणजे पुढचा मे. तडजोडीच्या बोलण्यांनी मुदत वाढत नाही. उशीर माफ करण्याची तरतूद आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. विमा लोकपालाकडे फक्त कंपनीविरुद्ध जाता येईल, तेही नकारानंतर वर्षाच्या आत. तिथे गॅरेज येत नाही, त्यामुळे तुमच्या प्रकरणात मला तो रस्ता अर्धा वाटतो.

डिस्क आणि पॅडची किंमत विमा कंपनीकडे मागू नका. झीज हा पॉलिसीतला अपवाद आहे. आदळण्याने झालेलं नुकसान तेवढं मागा. अपवाद तिथवर ताणता येतो का यावर वाद होईल, निकालाची हमी मी देणार नाही. नुकसान पाहायला आलेल्या विमा सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत लेखी मागा.

पोलिसांत काय नोंद झाली, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मोटार वाहन निरीक्षकाने ब्रेक तपासले असतील तर तो अहवाल आधी मिळवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 मध्ये माहीत असलेल्या दोषासह गाडी चालवून मालमत्तेचं नुकसान झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, आहे. ‘माहीत होतं’ याला तुमचं जॉब कार्डच पुरावा ठरू शकतं, म्हणून गॅरेजला लिहिताना ‘डिस्क खराब आहेत हे मला ठाऊक होतं’ अशा अर्थाचं एकही वाक्य लिहू नका.

तुम्ही डिचोलीचे, म्हणून तक्रार उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगात. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, वस्तूची तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि त्याचा त्रास तुमच्यासारख्यांनाच होतो. त्यामुळे मोजणीचा अहवाल तक्रारीबरोबर पहिल्याच दिवशी जोडा, आणि मोजणी पूर्ण होईपर्यंत गाडी छपराखाली हलवा.