वडोदरा, लंडन आणि न्यूयॉर्कमधल्या ब्रँड टीमसाठी अंतर्गत ॲप: डिझाइनची सुरुवात कुठून करावी?

चॅटपासून नको, मंजुरीपासून करा. ब्रँड टीमचा खरा गोंधळ 'शेवटची फाइल कोणती?' हा असतो. म्हणून प्रत्येक लोगोला, पोस्टरला स्वतंत्र पान द्या: वर चालू आवृत्ती, स्थिती (मसुदा, तपासणीत, मंजूर), मंजुरी देणाऱ्याचं नाव आणि चर्चा तिथेच खाली. नवी फाइल चढवली की आधीची मंजुरी आपोआप रद्द व्हायलाच हवी, नाहीतर बदललेलं डिझाइन जुन्या मंजुरीवर छपाईला जातं.

सगळ्यात जास्त डोकं वेळेच्या हिशोबावर खर्च करा. झालेल्या संदेशांची वेळ यूटीसीत (जगभरची एकच प्रमाण वेळ) साठवा आणि बघणाऱ्याच्या शहराप्रमाणे दाखवा. पुढच्या मीटिंगसाठी मात्र स्थानिक वेळ आणि टाइमझोनचं नाव साठवा. नुसता तासांचा फरक साठवलात तर फसाल. वडोदरा लंडनच्या उन्हाळ्यात साडेचार तास पुढे असतं, हिवाळ्यात साडेपाच. त्यात अमेरिका घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत मीटिंगा हमखास चुकतात.

सुट्ट्यांचं कॅलेंडर शहरवार ठेवा. १४ जानेवारीला उत्तरायणात वडोदरा पतंग उडवायला गच्चीवर असतं, हे लंडनला कसं कळणार? मंजुरी देणारा रजेवर असेल तर बदली व्यक्तीचं नाव आपोआप दिसू द्या.

बटणांची रुंदी पक्की करू नका, उद्या ॲप दुसऱ्या भाषेत न्यायचं झालं तर अडाल; जर्मन शब्द लांब असतात. देवनागरीसाठी ओळींची उंची फॉन्टच्या साधारण दीडपट ठेवा, नाहीतर वेलांट्या आणि रफार कापले जातात.