नवशिक्या ड्रायव्हरनं पावसाळ्यात ताम्हिणी घाटातून गाडी नेताना वायपर, लाइट, गिअर, हँडब्रेक नेमकं कसं वापरायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: लायसन्स ताजं, गाडी मॅन्युअल, पुण्यात रोज चालवता, पण पाऊस आला की वायपरच्या नादात भलतीच दांडी ओढली जाते. काच आतून धूसर झाली की कुठलं बटण दाबायचं ते सुचत नाही. आणि घरच्यांना घेऊन मुळशी-ताम्हिणीमार्गे माणगावला उतरायचं म्हटल्यावर सोसायटीतल्या जाणकारांनी दोन सल्ले दिलेत. धुक्यात चारही इंडिकेटर चालू ठेव, आणि उतारावर न्यूट्रल कर, पेट्रोल वाचतं. हे दोन्ही सल्ले ऐकू नका. का ते पुढे सांगतो.

मी काही ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर नाही. गाव कोकणात, नोकरी पुण्यात, त्यामुळे या रस्त्यानं पावसाळ्यातही येणंजाणं असतं, एवढाच माझा अधिकार.

आधी बटणांचं. ताशी ४० किलोमीटरनं जाताना गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. खाली बघून बटण शोधायला दोन सेकंद लागले तर २२ मीटर तुम्ही न बघता चालवलेत, आणि घाटात तेवढ्यात अख्खं वळण येतं. म्हणून ही शोधाशोध पार्किंगमध्येच उरकायची. गाडी उभी, इग्निशन चालू, डोळे मिटलेले, शेजारी घरातलं कोणीतरी. त्यांनी म्हणायचं, ‘वायपर फास्ट’, ‘डिपर’, ‘मागची काच’, ‘हजार्ड’, ‘काचेवर हवा’, आणि तुमचा हात थेट तिथे गेला पाहिजे. पोरांना हा खेळ फार आवडतो, त्यांना परीक्षक करा. वायपर मात्र कोरड्या काचेवर फिरवू नका, आधी पाण्याची फवारणी मारा, नाहीतर रबर खराब होतं आणि काचेवर ओरखडे पडतात.

दुसऱ्याची गाडी नेणार असाल तर हा सराव दुप्पट करा. मारुती, ह्युंदाई, टाटा यांच्या गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला आणि वायपर डाव्या हाताला असतो. फोक्सवॅगन आणि स्कोडात बरोबर उलट. रिव्हर्स गिअरचंही तसंच. काही गाड्यांत दांड्याखालची रिंग वर उचलावी लागते, काहींत दांडा खाली दाबून मग सरकवावा लागतो. समोरून एसटी आली आणि तुम्हाला मागे सरकायचंय, अशा वेळी हे शोधत बसायला नको.

सीटबद्दल थोडक्यात. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहावा, आणि पाठ सीटला टेकलेली असताना हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकावं. पायाखालची मॅट सरकत नाही ना ते बघा. पाण्याची बाटली ड्रायव्हरच्या बाजूला खाली कधीही ठेवू नका, उतारावर ती घरंगळत येऊन ब्रेकच्या पॅडलखाली अडकते. मागे बसणाऱ्यांनाही बेल्ट लावायला लावा. दंड हजार रुपये आहे, पण दंडासाठी नाही, घाटातल्या करकचून ब्रेकसाठी.

आता काच. पावसाळ्यात सगळ्यांचा गोंधळ इथे होतो, कारण काच दोन प्रकारे धूसर होते आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. वर घाटात बाहेर गारवा असतो, आत चार माणसांचे श्वास आणि भिजलेले कपडे. ती वाफ गार काचेवर आतून धरते. अशा वेळी एसी चालू करायचा, हवेचा झोत समोरच्या काचेवर वळवायचा आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा घ्यायची. एसी लावला की थंडी वाजते म्हणून लोक तो बंद करतात आणि फडक्यानं काच पुसत बसतात. पण एसीचं इथलं काम गारवा देणं नाहीच, हवेतला ओलावा काढणं आहे. तापमानाचा नॉब थोडा गरमकडे फिरवा आणि एसी चालूच ठेवा. कोरडी आणि कोमट हवा मिळाली की काच चटकन साफ होते.

घाट उतरून खाली आलात की प्रकार उलटा होतो. बाहेरची हवा दमट आणि उबदार, काच मात्र एसीनं थंडगार. मग वाफ काचेच्या बाहेरच्या बाजूला धरते, आणि तुम्ही आतून कितीही पुसलंत तरी ढिम्म. बोट लावून बघा (ते शेजारच्या माणसाला करू द्या). बोटाची रेघ उमटली नाही म्हणजे धूसरपणा बाहेरचा. तिथे वायपरचा एक फेरा मारायचा, एसीचा गारवा कमी करायचा आणि काचेवरचा झोत काढून घ्यायचा. वर जे बटण कामाचं होतं तेच खाली त्रास देतं. मागच्या काचेवरच्या बारीक आडव्या तारा म्हणजे डीफॉगर, त्याचं बटण वेगळं असतं. काच साफ झाली की तो बंद करा, बराच करंट खातो.

लाइटकडे येऊ. पाऊस आणि धुक्यात हेडलाइट दिवसाही लावायचे, आणि डिपरवर, म्हणजे प्रकाश खाली रस्त्यावर पडेल असे. अप्पर लावला की प्रकाश धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांत परत येतो, समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. फॉगलॅम्प असतील तर लावा, ते खाली बसवलेले असतात आणि रस्त्याची कड दाखवतात. नुसते दिवसा आपोआप जळणारे पुढचे दिवे पुरेसे नाहीत, कारण बऱ्याच गाड्यांत त्यांच्याबरोबर मागचे लाल दिवे लागत नाहीत. म्हणजे तुम्हाला वाटतं आपण दिसतोय, आणि मागच्या टेम्पोला तुम्ही दिसतच नाही. दांडीवरची कळ पूर्ण हेडलाइटपर्यंत फिरवा.

आणि ते चार इंडिकेटर. हजार्ड लाइट म्हणजे ‘मी थांबलोय, माझ्यावर आदळू नका’ असं सांगणं. गाडी बंद पडली, पंक्चर झालं, पुढे दरड येऊन रांग एकदम थांबली, तर लावा. चालत्या गाडीत ते लावले की दोन तोटे होतात. पहिला, तुमचा इंडिकेटर निकामी होतो. बहुतेक गाड्यांत हजार्ड चालू असताना उजवीकडे वळताय की डावीकडे, हे मागच्याला दाखवताच येत नाही. दुसरा तोटा जास्त वाईट. सगळेच लुकलुकत चालले असतील तर खरोखर थांबलेली गाडी कोणती ते कोण ओळखणार? ताम्हिणीत धबधब्यांपाशी लोक गाड्या निम्म्या रस्त्यात उभ्या करून फोटो काढत असतात. धुक्यातून त्या एकदम समोर येतात आणि तुम्ही समजता, हीही आपल्यासारखी हळू चाललीय. चौकातून सरळ जायचं म्हणून चारही लाइट लावणारी जमात वेगळीच, तिच्याबद्दल न बोललेलं बरं.

घाटात आंधळ्या वळणावर हॉर्न द्या, एकदा, वळणाच्या आधी, आणि काच बोटभर खाली ठेवून समोरून उत्तर येतंय का ऐका. पुढच्या ट्रकनं उजवा इंडिकेटर दाखवला तर तो ‘पुढे जा’ म्हणतोय असं धरून चालू नका. रस्त्यावर ती रीत आहे खरी, पण कधीकधी तो बिचारा खरंच उजवीकडे वळत असतो.

आता न्यूट्रलचा सल्ला. हा मला सगळ्यात धोकादायक वाटतो, कारण तो देणारे अनुभवी असतात. पेट्रोल वाचतं हे कार्ब्युरेटरच्या जमान्यात काही अंशी खरं होतं. आताच्या इंजेक्शनवाल्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना तुम्ही रेसवरून पाय काढलात की इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंद होतो, चाकंच इंजिनाला फिरवत राहतात. न्यूट्रल केलंत तर इंजिन बंद पडू नये म्हणून उलट थोडं पेट्रोल जळत राहतं. म्हणजे बचतही नाही, आणि गाडीला धरून ठेवणारं इंजिन तुम्ही आपल्या हातानं सोडवलंत. मग सगळा भार ब्रेकवर. ते तापतात, पकड कमी होते, फारच तापले तर ब्रेक ऑइल उकळून पॅडल नुसतं आत जातं. इंजिनच बंद करून उतरणारे तर आणखी एक घोटाळा करतात. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-चार वेळा पॅडल दाबल्यावर संपतो, स्टिअरिंग जड होतं, आणि चावी काढली तर लॉकही होतं.

पुण्यात राहता म्हणजे नवले पूल माहीत असेलच. कात्रजच्या नव्या बोगद्यापासूनच्या त्या लांब उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकमुळे कितीतरी गाड्यांचं नुकसान झालं होतं. आधी सगळे म्हणाले ब्रेक फेल. प्राथमिक तपासात मात्र ड्रायव्हरनं उतारावर इंजिन बंद केल्याचं पुढे आलं.

तर उताराचा नियम सोपा आहे. चढताना जो गिअर लागला असता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचं. ताम्हिणीच्या उतारावर दुसरा, कुठे तिसरा. गिअर उतार सुरू होण्याआधी टाका. वेग वाढल्यावर घाईनं खालचा गिअर टाकला तर ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरू शकतात. इंजिन थोडं ओरडेल, ओरडू दे. ब्रेक सतत टेकवून ठेवू नका. वेग वाढला की ठामपणे दाबा, कमी झाला की सोडा, म्हणजे त्याला गार व्हायला वेळ मिळतो. क्लचवर पाय ठेवून उतरणं हेही अर्धं न्यूट्रलच, तो पाय बाजूला काढा. पुढेमागे ऑटोमॅटिक घेतलीत तर नुसतं ‘डी’वर (नेहमीच्या ड्राइव्हवर) सोडू नका, ‘एल’ (खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोड त्यासाठीच असतो.

ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारायची वेळ आलीच तर पॅडल पायाखाली थरथरेल, कडकड आवाज येईल. तो एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांत सक्तीचा आहे. घाबरून पाय उचलू नका, दाबून धरा आणि स्टिअरिंग मोकळ्या जागेकडे वळवा. साचलेल्या पाण्यावरून जाताना स्टिअरिंग एकदम हलकं लागलं तर चाकं पाण्यावर तरंगतायत. तिथे उलटं करायचं. ब्रेक नाही, फक्त रेस सोडायची आणि स्टिअरिंग सरळ धरायचं, पकड परत येते.

चढावर थांबायची वेळ येते तेव्हा नवे लोक हाफ क्लचवर गाडी तोलून धरतात. दोन मिनिटांत जळका वास येतो, ती क्लच प्लेट. त्यापेक्षा हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, थोडी रेस देत क्लच सोडत या. गाडीचं नाक किंचित उचललं आणि इंजिनचा आवाज जड झाला की मग हँडब्रेक सोडा. मागे एक इंचही सरकत नाही. चढावर गाडी आपोआप धरून ठेवणारा हिल होल्ड असेल तर तो दोन-एक सेकंदच धरतो, त्याच्या भरवशावर पाणी पिऊ नका. आणि अरुंद जागी समोरासमोर आलात तर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. २०१७ च्या केंद्राच्या ड्रायव्हिंग नियमांतही ते आहे. तुम्ही चढत असाल तरी हक्कासाठी भांडू नका, समोरचा एसटीवाला असेल तर नाहीच.

गाव उतारावर असेल आणि गाडी अंगणाबाहेर लावायची असेल तर हँडब्रेकबरोबर गिअरही टाका. तोंड उताराकडे असेल तर रिव्हर्स, चढाकडे असेल तर पहिला. पुढची चाकं बांधाकडे वळवून ठेवा आणि चाकाला दगड लावा. सकाळी निघताना तो काढायची आठवण ठेवा. गाडी चालू करण्याआधी क्लच दाबा, कारण ती गिअरमध्येच असणार आहे.

जायला हरकत नाही. शनिवार-रविवार टाळा, पहाटे निघा आणि उजेडात माणगाव गाठा. निघण्याच्या आठवडाभर आधी वायपर फिरवून बघा. काचेवर रेघा सोडत असतील तर रबर बदलून घ्या, अंधूक काचेतून बघण्याची सवय लावून घेऊ नका.