प्रचाराचा खर्च सरकारने करावा की देणगीदारांनी?

निवडणूक प्रचाराचा खर्च सरकारने उचलावा की खासगी देणग्यांवर सोडावा, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते सरकारी मदत द्यावी, परंतु रोख नव्हे, वस्तू आणि सेवांच्या रूपात. निवडणुकांना सरकारी मदत देण्याचा विचार करणाऱ्या इंद्रजित गुप्ता समितीने १९९८ मध्ये हेच सुचवले होते.

नाशिक लोकसभा मतदारसंघाचेच पाहा. सिन्नरपासून इगतपुरीपर्यंत सहा विधानसभा क्षेत्रे, आणि उमेदवाराला खर्चाची मर्यादा ९५ लाख रुपये. मी एका उमेदवाराची खर्चवही लिहिली आहे. मंडप, भोंग्याची रिक्षा, कार्यकर्त्यांचा चहा, अगदी एकेका खुर्चीचे भाडेसुद्धा जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांच्या दरपत्रकाप्रमाणे त्यात चढवावे लागते. पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला मात्र कायद्यात कमाल मर्यादाच नाही, आणि खरी गळती तिथेच आहे.

खासगी देणगी मुळात वाईट नाही. निफाडच्या द्राक्ष बागायतदाराने पाचशे रुपये दिले, तर तो त्याचा लोकशाहीतील सहभाग होय. अडचण निनावी पैशाची आहे. देणगीदाराचे नाव गुप्त ठेवून पक्षांना पैसे देण्याचा मार्ग असलेले निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले, तरी वीस हजारांपर्यंतच्या देणगीदाराचे नाव निवडणूक आयोगाला कळवण्याचे बंधन पक्षांवर नाही. ही फट बुजवली नाही, तर सरकारी पैसा खासगी पैशाची जागा न घेता त्यात भरच घालेल.

गुप्ता समितीने अपक्षांना या मदतीतून वगळले होते, ते मात्र मला पटत नाही. पैशाअभावी सर्वाधिक मागे पडतात ते तेच.