पाठ उघडी करून बघ

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, सकाळच्या ओपीडीत निम्मे पेशंट कंबर, पाठ नाहीतर छाती धरून येतात. त्यांतला खरा आजारी कोण हे ओळखायचं कसं? फोनवर घाईत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

तुझं आरोग्य केंद्र साखर कारखान्याच्या पट्ट्यात आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या येतील. माझीही नोकरीची पहिली वर्षं अशाच गावात गेली. ऊसतोडीच्या एका बाईंना तीन आठवड्यांत तीनदा मी डायक्लोफेनॅकचं, म्हणजे दुखणं थांबवायचं, इंजेक्शन दिलं. दिवसभर डोक्यावर मोळ्या वाहणाऱ्या बाईची पाठ दुखणारच, असं मी धरून चाललो. तिन्ही वेळा त्या स्टुलावर बसल्या होत्या, पदर पाठीवरून घेतलेला. चौथ्या वेळी नवऱ्याने त्यांना उचलून आणलं. पायांतला जोर गेला होता. तेव्हा कुठे मी सिस्टरना हाक मारली, पडदा ओढला आणि पाठ उघडी करून पाहिली. खांद्याच्या फऱ्यांच्या जरा खाली, मधोमध, एक मणका बोराएवढा वर आला होता. मणक्याचा टीबी. आधीच्या तीन खेपांत कधीतरी नुसतं बोट फिरवलं असतं तरी तो हाताला लागला असता. शस्त्रक्रिया झाली, औषधं चालली, पुढे त्या काठी घेऊन चालू लागल्या. मोळी उचलणं मात्र कायमचं सुटलं, आणि त्या घराचा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची तोडणीची जोडी, अर्धा झाला. ते मी आजही विसरलेलो नाही.

म्हणून पहिली सवय ही लाव. दुखणारी पाठ कपड्यांवरून तपासायची नाही. बाई असेल तर सिस्टर शेजारी हवी आणि काय करणार आहोत ते आधी सांगायचं. उजेड बाजूने पडू दे. मानेपासून माकडहाडापर्यंत एकेका मणक्यावरून बोट फिरव, मग मुठीच्या कडेने हलकेच ठोक. स्नायूंचं दुखणं बहुधा बाजूला, पसरट असतं. एकाच मणक्यावर ठोकल्यावर माणूस दचकला तर टीबी, पू, कॅन्सर, मोडलेलं हाड हे सगळं मनात आण. मग विचार: संध्याकाळी कणकण येते का, पोलकं सैल झालंय का, झोपल्यावरही दुखतं का? लहान मूल असेल तर जमिनीवर नाणं टाक आणि उचलायला सांग. मणका आजारी असलेलं मूल पाठीतून वाकत नाही, ते पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत बसतं. शर्ट काढल्यावर कधी कधी एका बरगडीच्या रेषेत पुटकुळ्या दिसतात आणि गुपित तिथेच उलगडतं: नागीण. दुखणं पुटकुळ्यांच्या आधी दोन-तीन दिवस सुरू झालेलं असतं, म्हणून पहिल्या भेटीत काही दिसलं नाही तरी परत बोलाव.

पाय तपासल्याशिवाय पाठ तपासून होत नाही. टाचांवर चालायला लाव, चवड्यांवर चालायला लाव, उकिडवं बसून हात न टेकता उठायला सांग. एवढ्यात पायांच्या ताकदीचं बरंचसं कळतं. मग तळपायावर किल्ली ओढ. अंगठा वर उचलला गेला तर थांब आणि विचार कर. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, त्याखाली नुसत्या नसांचा झुपका असतो. अंगठा वर जातोय म्हणजे दोष त्याच्या वर आहे, पेशंट कंबर दाखवत असला तरीही. फक्त कमरेचा एमआरआय करून ‘नॉर्मल’ म्हणून परत पाठवलेले असे पेशंट मी पाहिले आहेत. गाठ छातीच्या मणक्यात होती.

आता लघवीचं. मणक्यांमधली चकती सरकून तो नसांचा झुपकाच दाबला गेला तर लघवी तुंबते, आणि खोगिरावर बसल्यावर जो भाग टेकतो तो सगळा बधिर होतो. मोकळं करायला वेळ लागला तर लघवीवरचा ताबा जन्मभर परत न येण्याचा धोका असतो. पण ‘लघवी नीट होते का?’ एवढं विचारून तुला उत्तर मिळणार नाही. फडावर संडास नसतो. बाया तासन्‌तास लघवी रोखून धरतात, पाणीही कमी पितात. त्यांच्या लेखी ते नेहमीचंच. म्हणून असं विचार: लागल्याचं कळतं का? होताना धार जाणवते का? धुताना हात लागलेला समजतो का? मग ओटीपोटावर ठोकून बघ. बाजारात माठ घेताना आपल्या बाया टिचकी मारून आवाज ऐकतात, त्यातलंच हे ज्ञान. छाती बोटांनी ठोकून तपासायची रीत १७६१ साली व्हिएन्नात लिओपोल्ड आउएनब्रुगर या डॉक्टरांनी छापून मांडली. ते खानावळवाल्याचे चिरंजीव. वडील पिंपावर ठोकून आतली पातळी ओळखत, त्यावरून त्यांना हे सुचलं असं सांगतात. भरलेलं मूत्राशय बद्द वाजतं. लघवी करून आल्यावरही तसंच वाजलं तर संशय पक्का धर. कापसाच्या बोळ्याने गुदद्वाराभोवतीची संवेदना दोन्ही बाजूंना तपास, बोटाने गुदद्वाराची पकड बघ. तुला संकोच वाटेल, पेशंटला त्याहून जास्त. शांतपणे सांगून परवानगी घेतलीस तर लोक नाही म्हणत नाहीत. आणि ही सगळी तपासणी चांगली आली, पण पेशंट लघवीची तक्रार सांगतोय, तर पेशंटवर विश्वास ठेव आणि पुढे पाठव.

साठीपुढचा, विडी ओढणारा माणूस अचानक पाठ धरून आला तर पोटावर हात ठेव. दोन्ही तळहात बेंबीच्या वर दोन बाजूंना ठेव. नुसते ठोके बारीक माणसात लागतातच. पण प्रत्येक ठोक्याला हात बाहेर ढकलले जात असतील तर महाधमनी फुगलेली आहे. अशा माणसाला उसण भरली म्हणून कोणाला चोळू देऊ नकोस.

छातीत दुखणाऱ्याबाबत मी एक आधीच सांगतो, कारण इथे आपल्या हाताचा फाजील अभिमान घात करतो. हार्ट अ‍ॅटॅकच्या माणसाची तपासणी अगदी निर्दोष असू शकते. म्हणून पेशंट आल्यापासून १० मिनिटांच्या आत ईसीजी, आणि पहिला चांगला आला तरी दुखणं चालू असेल तर पुन्हा. बरगडी दाबल्यावर दुखतं म्हणून हृदय सोडून द्यायचं नाही. मधुमेही, वयस्कर आणि बाया पुष्कळदा ‘गॅस झालाय’, ‘दम लागतो’ एवढंच म्हणतात.

मग हात कशासाठी? ईसीजी ज्या गोष्टी सांगत नाही त्यांसाठी. रक्तदाब दोन्ही हातांचा घे. वरच्या आकड्यात २० पेक्षा जास्त फरक असेल, एका बाजूची नाडी बारीक असेल आणि दुखणं पहिल्याच क्षणाला टोकाचं होऊन पाठीत गेलं असेल, तर महाधमनीचा आतला पदर फाटला असण्याची शक्यता आहे. हार्ट अ‍ॅटॅक समजून त्याला गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं तर तो हातचा जाईल. फरक सापडला नाही म्हणून ही शंका सोडायची नाही, पण सापडला तर तू एक जीव वाचवलास. रक्तवाहिन्या सैल करणारी सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवण्याआधी रक्तदाब आणि मानेची शीर बघ. शीर फुगलेली, फुप्फुसं स्वच्छ आणि दाब उतरलेला असेल तर हृदयाचा उजवा कप्पा दुखावलाय. त्या गोळीने दाब आणखी कोसळेल. श्वास स्वतः मोज, पूर्ण एक मिनिट. आपल्या केसपेपरवर सगळे जण मिनिटाला २० श्वास घेतात, आणि २८ चा माणूस त्या आकड्यामागे लपून जातो. एका बाजूला श्वासाचा आवाज नाही आणि ठोकल्यावर पोकळ वाजतं, तर तिथे फुप्फुसाबाहेर हवा भरली आहे. दोन्ही पोटऱ्या उघड्या करून शेजारी शेजारी बघ. एक सुजलेली आणि दम लागतोय, तर गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते.

१०८ बोलावलीस की चिठ्ठीत निदानापेक्षा काय सापडलं आणि किती वाजता ते लिही. पुढच्या डॉक्टरला तेच लागतं.

आता तुझ्या त्या पंचेचाळीशीच्या ट्रॅक्टरवाल्याबद्दल. फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, की जिना उतरताना त्याची चप्पल पायातून निसटते आणि त्याला कळतही नाही. मला रात्रभर तेच डोक्यात आहे. हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी आशाताईंना त्याच्या घरी पाठव, बोलावून घे. टाचांवर चालव, तळपाय बघ, ओटीपोट ठोकून बघ. मग मला फोन कर, कितीही वाजले तरी.

तुझा,
सर