बाळंतपणानंतर मागे राहिलेले वजन

प्रश्न : मला चौथा महिना सुरू आहे. गरोदर राहिले तेव्हा माझी उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन ७८ किलो होते. तपासणीच्या वेळी ‘वजन फार वाढू देऊ नका’ एवढेच सांगण्यात आले, तर घरचे ‘दोन जिवांची आहेस, पोटभर खा’ म्हणतात. मी डाएट सुरू करावे का?

उत्तर : वजन उतरवण्यासाठीचे डाएट या काळात करू नये. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती आहे ते सांगणारा आकडा) साधारण ३१ येतो, म्हणजे रूढ वर्गीकरणानुसार तो स्थूलतेच्या गटात पडतो. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने २००९ मध्ये जे निकष ठरवले आणि जे आज अनेक ठिकाणी वापरले जातात, त्यांनुसार बीएमआय १८.५ ते २४.९ असलेल्या स्त्रीचे वजन संपूर्ण गरोदरपणात ११.५ ते १६ किलो वाढणे योग्य मानले जाते. बीएमआय ३० किंवा त्याहून अधिक असेल, तर हीच वाढ ५ ते ९ किलो असावी. हा फरक कशामुळे, हे समजून घेतले तर आकड्याची भीती वाटणार नाही. दिवस भरत येतात तेव्हा बाळ, वार, गर्भजल, वाढलेले गर्भाशय व स्तन आणि शरीरात वाढलेले रक्त व पाणी यांचे मिळून साधारण नऊ किलो होतात. त्यावर तीनेक किलो चरबी साठते, ती पुढे स्तनपानाच्या काळात उपयोगी पडावी म्हणून. तुमच्या शरीरात हा साठा आधीपासूनच आहे, त्यामुळे तो नव्याने करण्याची गरज नाही.

‘दोन जिवांची’ या शब्दप्रयोगातील माया खरी असली, तरी त्यातला हिशेब चुकीचा आहे. पहिल्या तीन महिन्यांत जास्तीच्या उष्मांकांची गरज जवळजवळ नसते; मधल्या तीन महिन्यांत ती दिवसाला सुमारे ३४० आणि शेवटच्या तीन महिन्यांत सुमारे ४५० किलोकॅलरी इतकी धरली जाते. म्हणजे अगदी शेवटीसुद्धा रोजच्या आहाराच्या पाव हिश्शाहून फारसे जास्त लागत नाही, आणि वजन मुळातच अधिक असलेल्या स्त्रीला त्याहूनही कमी पुरते. प्रथिने, लोह, कॅल्शियम यांची गरज मात्र खरोखर वाढते, म्हणून ताटातले पदार्थ बदलायला हवेत. ताट मोठे करण्याची गरज नाही. डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर आठवड्यातून मिळून १५० मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा गतीने चालावे.

वजन अधिक असताना गर्भकालीन मधुमेह, प्रीएक्लॅम्पसिया म्हणजे रक्तदाब वाढून निरनिराळ्या अवयवांवर ताण येणे, पायातील शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होणे, बाळाचे वजन ४ किलोच्या वर जाणे, सिझेरियन आणि त्यानंतर जखमेत जंतुसंसर्ग होणे यांची शक्यता वाढते. शक्यता वाढते याचा अर्थ तसे होतेच असा नाही. बहुसंख्य स्त्रियांचे बाळंतपण नीट पार पडते. परंतु साखरेची तपासणी २४ ते २८ आठवड्यांपर्यंत न थांबता आत्ताच एकदा करून घ्यावी, आणि ती ठीक आली तरी त्या आठवड्यांत पुन्हा करावी. पोटावरील चरबीच्या थरामुळे सोनोग्राफीत काही गोष्टी स्पष्ट दिसत नाहीत. तपासणी दुसऱ्यांदा करायला सांगितली, तर बाळात काही दोष असेल असे मानून घाबरू नये.

प्रश्न : बाळ पाच महिन्यांचे आहे. आता वजन कमी करायला घेतले, तर दूध आटेल का?

उत्तर : दूध नीट सुरू झाल्यानंतर आठवड्याला साधारण अर्धा किलो या गतीने वजन उतरले, तर बाळाच्या वाढीवर परिणाम होत नाही, असे अभ्यासांत दिसले आहे. उपासमार करू नये. निव्वळ अंगावर पाजल्याने वजन आपोआप उतरते, ही समजूतही सर्वांच्या बाबतीत खरी ठरत नाही. दूध तयार होण्यासाठी दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी खर्च होतात, हे खरे. पण भूकही त्याच मापाने वाढते.

प्रश्न : माझा मुलगा चौदा महिन्यांचा आहे. गरोदरपणात माझी साखर वाढली होती. बाळंतपणानंतर ती उतरली असे सांगितले गेले आणि पुढे कोणी काही विचारले नाही. त्या वेळचे ८ किलो अजून अंगावर आहेत. पुढच्या वर्षी दुसरे मूल हवे आहे.

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘पुढे कोणी काही विचारले नाही’ हे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. गर्भकालीन मधुमेह होऊन गेलेल्या स्त्रीला पुढील आयुष्यात टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता इतर स्त्रियांच्या किमान सातपट असते. म्हणूनच बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन तपासणी करावी आणि त्यानंतर एक ते तीन वर्षांच्या अंतराने ती करत राहावी, असे सांगितले जाते. ही तपासणी सर्रास राहून जाते, कारण त्या दिवसांत आईचे सगळे लक्ष बाळाकडे असते आणि डॉक्टरांचेही. तुम्ही या महिन्यातच करून घ्या.

आता त्या ८ किलोंविषयी. स्वीडनमधील दीड लाखाहून अधिक स्त्रियांच्या पहिल्या दोन बाळंतपणांच्या नोंदी तपासून २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, दोन गरोदरपणांच्या दरम्यान ज्यांचा बीएमआय तीन किंवा अधिक अंकांनी वाढला, त्यांना दुसऱ्या वेळी प्रीएक्लॅम्पसिया, गर्भकालीन मधुमेह, इतकेच नव्हे तर मृत बाळ जन्माला येणे यांचाही धोका अधिक होता. ज्या स्त्रिया या वाढीनंतरही स्थूल म्हणाव्यात अशा नव्हत्या, त्यांच्यातही हा धोका वाढलेला दिसला. मध्यम उंचीच्या स्त्रीच्या बाबतीत बीएमआयचे तीन अंक म्हणजे साधारण ७ ते ८ किलो. मागे राहिलेले वजन हेच पुढच्या गरोदरपणाचे सुरुवातीचे वजन ठरते, म्हणून तुमच्या हातातील वर्ष मोलाचे आहे. सगळे ८ किलो उतरले नाहीत तरी चालेल. जितके उतरतील तितका लाभ होतोच. या काळात वजन कमी करणारी औषधे घेण्याचा विचार असेल, तर गर्भ राहण्याच्या किती आधी ती थांबवायची हे सुरुवातीलाच विचारून घ्या. सेमाग्लुटाइड हे किमान दोन महिने आधी बंद करावे लागते. फॉलिक अॅसिडही आधीपासून सुरू करायचे असते. तुमच्या वजनानुसार आणि साखरेनुसार त्याची मात्रा डॉक्टर ठरवतील.

आणखी एक गोष्ट घरातल्या सर्वांना वाचून दाखवा. बाळ सहा महिन्यांचे असताना ज्या मातांना पाच तास किंवा त्याहून कमी झोप मिळत होती, त्यांच्या अंगावर बाळ वर्षाचे झाले तेव्हा ५ किंवा अधिक किलो उरलेले असण्याचे प्रमाण जास्त होते, असे २००७ मधील एका अमेरिकी अभ्यासात दिसले. रात्री बाळाला दुसऱ्या कोणी घेतले, तर तो आईच्या उपचाराचाच भाग समजावा.

प्रश्न : वजन ही ज्याची त्याची खासगी बाब आहे. तिला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून स्त्रियांवर आणखी एक ओझे कशासाठी लादता?

उत्तर : तुमचा आक्षेप अर्धा मान्य आहे. तपासणीच्या खोलीत टोमणे ऐकलेली स्त्री पुढची तपासणी टाळते, आणि त्यातून होणारे नुकसान वजनाने होणाऱ्या नुकसानात भर घालते. मात्र याला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणण्यामागचा हेतू नेमका उलट आहे : सगळा भार एकट्या आईच्या निग्रहावर टाकू नये.

आईच्या वजनाचा परिणाम पुढच्या पिढीपर्यंत पोहोचतो. कॅनडात वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या मातांची शस्त्रक्रियेआधी आणि नंतर जन्मलेली मुले ताडून पाहिली गेली, तेव्हा नंतर जन्मलेल्या भावंडांमध्ये स्थूलता कमी आढळली. आई तीच असल्यामुळे हा फरक निव्वळ आनुवंशिकतेने समजावता येत नाही. याउलट, ब्रिटनमध्ये दीड हजारांहून अधिक स्थूल गरोदर स्त्रियांना आहार आणि व्यायामाचे नियमित मार्गदर्शन देऊन पाहिले, तर त्यांचे वजन थोडे कमी वाढले, पण २०१५ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार गर्भकालीन मधुमेहाचे प्रमाण घटले नाही. माझ्या मते याचा अर्थ असा की, गरोदरपणात सुरुवात करणे म्हणजे उशिरा सुरुवात करणे, आणि खरे काम दोन बाळंतपणांच्या मधल्या काळात करायला हवे. नेमक्या याच काळात आरोग्यव्यवस्था आईला सोडून देते. बाळाच्या लसीकरणासाठी ती पहिल्या वर्षात अनेकदा केंद्रात येते आणि तिथे वजनकाटा असतोच, परंतु त्यावर फक्त बाळाला ठेवले जाते. त्याच भेटीत आईचे वजन, रक्तदाब आणि गरज असेल तर साखर पाहून ते सगळे बाळाच्या कार्डावरच नोंदवले, तर त्यासाठी तिला वेगळी खेप घालावी लागणार नाही.