बोलायला शिकायला पदवी कशाला?

पत्र: आमचा हर्णैला मासळीचा धंदा आहे. मुलगी बारावी आर्ट्सला. दापोलीत कसल्याशा शिबिराला जाऊन आली आणि आता म्हणते, मानसशास्त्रज्ञ होऊन लोकांना प्रेमानं बोलायला शिकवणार. जिराफाची भाषा, कोल्ह्याची भाषा असं काहीबाही सांगत असते. बोलायला शिकायला पदवी कशाला? यावर पोट भरतं का? एरवी मुलगी आळशी, घरात कुणाशी धड बोलत नाही. – एक वडील

उत्तर:

दादा, जिराफ-कोल्ह्याची भानगड आधी सांगते. मार्शल रोझेनबर्ग हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ शिकवताना हातात या दोन प्राण्यांच्या बाहुल्या घालायचे. जिराफाचं हृदय भलंमोठं, म्हणून जिवाला लागेल असं न बोलणारी भाषा त्याची. दोष काढणारी, शिक्के मारणारी भाषा कोल्ह्याची. (कोल्ह्यावर हा अन्यायच आहे, पण असो.)

रोझेनबर्गांचं कुटुंब १९४३ साली डेट्रॉइटला राहायला आलं आणि काही दिवसांतच शहरात वांशिक दंगल पेटली. ३४ माणसं गेली. पुढे शाळेत, आडनाव ज्यू म्हणून या पोराला मार बसला. माणसं अशी का वागतात, आणि काही जण अशातही माणुसकी कशी टिकवतात, हा प्रश्न त्यांना तिथून चिकटला. आपल्या पद्धतीला 'अहिंसक संवाद' हे नाव देताना त्यांच्या डोळ्यांसमोर गांधीजी होते.

तुम्ही लिहिलंत, 'मुलगी आळशी'. हा शिक्का झाला. डोळ्यांना काय दिसलं ते सांगा: 'या आठवड्यात तीनदा मी लिलावावरून आलो तेव्हा तू झोपलेली होतीस.' मग मनात काय झालं: 'मला काळजी वाटली.' कशापायी: 'माझ्यामागे तुझं नीट चालावं, हा भरवसा मला हवाय.' आणि शेवटी मागणं: 'रविवारी माझ्यासोबत बंदरावर येशील का?' पद्धत एवढीच. आपल्याला ती परकी वाटायचं कारण नाही. गाऱ्हाणं घालताना आपण देवाला काय झालं आणि काय हवं ते सरळ सांगतो, 'व्हय महाराजा' म्हणतो. घरात शिरलो की मात्र टोमणे. आणि मागणं म्हटलं की समोरच्याला 'नाही' म्हणायची मोकळीक हवी, नाहीतर तो हुकूम होतो. इथेच सगळे अडतात. वीस वर्षं समुपदेशन करतेय, पण स्वतःच्या मुलाशी बोलताना माझाही कोल्हा अजून ओरडतो.

आता पोटाचं. नुसतं 'बोलायला शिकवणारी' अशी नोकरी जाहिरातीत सापडणार नाही. रोझेनबर्गनीही आधी १९६१ साली क्लिनिकल सायकॉलॉजीत, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करण्याच्या शास्त्रात, डॉक्टरेट घेतली, काही वर्षं रुग्ण पाहिले. त्यांची संस्था उभी राहिली ती १९८४ मध्ये. तुमच्या लेकीलाही क्रम हाच ठेवावा लागेल. आर्ट्सची अडचण नाही. मानसशास्त्रात बी.ए. आणि मग दोन वर्षांचं एम.ए. इतक्यावर शाळा, कॉलेज, सेवाभावी संस्था, कंपन्या इथे समुपदेशकाची कामं मिळतात. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, ते लपवत नाही. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' ही पाटी लावायची तर एम.ए. पुरत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं पुढचं प्रशिक्षण आणि तिथली नोंदणी लागते. हे अभ्यासक्रम सध्या बदलताहेत, म्हणून प्रवेशाच्या वेळी परिषदेची ताजी यादी पाहूनच पैसे भरा.

'घरबसल्या मानसशास्त्राची पदवी' असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. यूजीसीने २०२५च्या जुलै-ऑगस्टपासून या विषयाचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केलेत. दोन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर छान दिसतं, नोकरीला त्याचा उपयोग शून्य.

कामाला जागा आपल्याकडे आहे. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आपल्या रत्नागिरीत आहे. पण खेड-गुहागरच्या आतल्या वाडीतला माणूस तिथवर पोचतो तो अगदी शेवटी. आधी देवाचा कौल, मग भगत, मग मुंबईचा चाकरमानी भाऊ. या तिघांना न दुखावता त्यांच्याशी बोलू शकणारी, इथल्याच बोलीत बोलणारी मानसशास्त्रज्ञ मुंबईहून मागवता येत नाही.

आणि हो, गोड बोलणं म्हणजे हे काम नव्हे. मासळी विकणारी बाई गिऱ्हाइकावर खेकसते, तेव्हा बर्फ वितळतोय, सकाळचे पैसे अजून सुटलेले नाहीत, हे जिला ऐकू येईल ती या धंद्याची. तुमच्या लेकीला ते ऐकू येतं का, हे मला इथे बसून कळायचं नाही. महिनाभर तिला रोज संध्याकाळी लिलावाला न्या. कोण कुणाला काय बोललं ते शब्दन् शब्द वहीत लिहू दे, स्वतःचं मत एक ओळही नको. महिन्यानं ती वही आणि ती, दोघींना घेऊन या. तुम्हीही या.